लॉन कधी टोचायची?

रुचिकाने पहार उचलून आणली खरी, पण लॉनच्या कडेला येऊन ती थांबली. केसरीनाथ पाइप धरून पाणी घालत होते. पाणी मुरत नव्हतं. घट्ट जमिनीवरून वाहत ते सरळ फाटकाबाहेर, रस्त्यावर चाललं होतं.

"बाबा, टोचायची का आज?"

केसरीनाथांनी पाइप दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवला.

टेमघरात घरची लॉन म्हणाल तर ही एकच. शेतं गोदामांना गेली, गोठा मोडून गाडीसाठी शेड झाली, आणि चरायला एकही जनावर उरलं नाही तेव्हा केसरीनाथांनी गवत लावलं. गाव पोट धरून हसलं. गवताच्या लाद्या अंबाडी गावच्या नर्सरीतून आल्या. नर्सरीवाल्या मनोजने तेव्हाच सांगून ठेवलं होतं, की जमीन दबते, मुळांना हवा मिळत नाही, म्हणून वर्षातून एकदा लॉनभर पहारीने टोचे मारायचे. केसरीनाथांनी मान डोलावली आणि एकही टोचा मारू दिला नाही. दिवाळीनंतर म्हणाले, थंडीत गवत झोपतं, झोपलेल्याला टोचू नये. पावसात म्हणाले, चिखल व्हईल. होळीला म्हणाले, उन्हानं मुळं करपतील. वर्षात ऋतू तीन आणि बाबांकडे कारणं चार, असं रुचिका हसून म्हणायची. चौथं कारण होतं ‘बघू’.

हसणं वरवरचं होतं. याच अंगणात तीन वर्षांपूर्वी तिच्या लग्नाच्या मांडवाची मेढ रोवली होती. हळदीच्या संध्याकाळी, मांडवात बायका गात असताना, नवरदेवाच्या घरून निरोप आला. मुलगा घर सोडून गेला होता, लग्न होणार नव्हतं. पाहुणे काही जेवून गेले, काही न जेवता. सकाळी केसरीनाथांनी मेढ स्वतःच्या हाताने उपटली, खड्ड्यात मुरूम भरला आणि धुम्मसाने ठोकून ठोकून जमीन सपाट केली. त्यावर मग हे गवत आलं. पण नेमकं तिथे, मधोमध, ते कधी धरलंच नाही. ताटाएवढा तुकडा बोडकाच राहिला.

"लॉन कसली ती, झाकण हाय," रुचिकाची आई जानकीबाई एकदा म्हणाली होती. अर्थात नवऱ्यासमोर नाही.

त्या बोडक्या तुकड्याच्या निमित्ताने मनोज येत राहिला. खत सांगायला आला, माती बघायला आला, मग काहीच सांगायचं नसतानाही आला. गवताची एवढी काळजी खुद्द गवतालाही वाटत नसेल. रुचिकाला तो आवडला होता, अगदी मनापासून. आणि तितकीच भीतीही वाटत होती. येत्या रविवारी त्याची आई मागणी घालायला येणार होती. त्याआधी बाबांच्या कानावर घाल, असं मनोजने बजावलं होतं. दारात येऊन नकार ऐकावा लागला, तर त्याची आई पुन्हा ही पायरी चढणार नव्हती.

रुचिका रोज सकाळी तेच बोलायला बाहेर यायची आणि तोंडातून लॉनच निघायची. बाबा, टोचायची कधी? ते म्हणायचे, न्हाय, आत्ता न्हाय. हे ‘न्हाय’ नुसतं लॉनला नाही, असं तिला वाटायचं.

आता वैशाख लागला होता. गवताला पोपटी कोंब फुटले होते. मनोजने सांगितलेला मोसम हाच, गवत वाढीला लागतं तेव्हाचा, पावसाच्या आधीचा. बाबांची कारणं संपली होती.

केसरीनाथांनी नळ बंद केला. जवळ येऊन तिच्या हातातून पहार काढून घेतली. आता ती भिंतीला टेकवून ठेवणार, हे तिला ठाऊक होतं. दर वेळी तेच व्हायचं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते भिंतीकडे गेले नाहीत. सरळ मधोमध गेले आणि बोडक्या तुकड्यावर त्यांनी दोन्ही हातांनी पहार घातली. मुरूम खणकन वाजला. तो आवाज ऐकून जानकीबाई पिठाच्या हातानेच ओट्यावर आली. घाव पडत राहिले. ढेकळं उडाली, कडेचं कोवळं गवतही उखडलं. मग केसरीनाथ गुडघे टेकून बसले आणि हाताने मुरूम उपसू लागले. हात कोपरापर्यंत आत गेला तरी थांबेनात.

"बाबा, अहो, एवढा मोठा खड्डा?" रुचिका धावली. "मनोज म्हणालाय ना, बोटभर पुरतो!"

आणि तिने जीभ चावली. आजवर घरात ती त्याला ‘नर्सरीवाले’ म्हणत आली होती.

केसरीनाथांनी मातीच्या हाताने कपाळावरचा घाम पुसला.

"हवेला बोटभर पुरतो," ते म्हणाले. "मेढीला एवढा लागतो."