घरचा वाफा

उकंडरावांच्या मळ्यात वांग्यांचे दोन वाफे. रस्त्याकडचा मेहकरच्या बाजारासाठी, त्यावर आठवड्याला विषारी फवारणी. विहिरीजवळचा घरच्या ताटासाठी, त्यावर थेंबही नाही. साऱ्या गावाचीच ती रीत. पण विपश्यनेच्या शिबिरात त्यांनी बुद्धाची सम्यक आजीविका ऐकली आणि घरी येताच बायकोला सांगून टाकलं, "सोजरा, जे आपण खात नाही, ते लोकायले इकाचं नाही." फवारणीचा पंप माळ्यावर गेला.

बाजारात गिऱ्हाईक वांगं उचलायचं, किडीचं भोक पाहायचं आणि शेजारच्या चकचकीत ढिगाकडे वळायचं. "औषध नाही मारलं जी, खाऊन तं पाहा," हे सांगून उकंडरावांचा घसा बसला. हंगामभर भरलेल्या टोपल्या तशाच परत आल्या आणि गुरांपुढे रित्या झाल्या.

पुढच्या हंगामात पंप खाली उतरला.

"अन् शिबिरातून येऊन काय बोलले होते तुमी?" सोजराबाईंनी विचारलं.

"बोललो तेच करून राह्यलो. जे इकू, तेच खाऊ."

बाजाराच्या वाफ्याची फवारणी उरकून उकंडराव विहिरीजवळच्या वाफ्यात शिरले. पंप पाठीवर चालूच होता.