भिंतीवरचं नाव

कॉलेजात असताना मिहिरने गडावरच्या पडक्या सदरेच्या भिंतीवर जाड ऑइलपेंटने स्वतःचं नाव लिहिलं, तेव्हा त्याच्या वडिलांनी, दिगंबररावांनी, महिनाभर अबोला धरला होता. जुन्या वास्तूंबाबत सदाशिव पेठेत मतं ठाम असतात.

मिहिर अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झाली. आज त्याचीच सॅक पाठीला लावून दिगंबरराव स्वारगेटहून एसटीने आले आणि गुडघे सांभाळत गड चढले. त्यांना ते नाव एकदा बोटांनी चाचपायचं होतं.

भिंत लख्ख होती. तारेचा ब्रश घेऊन उभी असलेली मुलगी घाम पुसत म्हणाली, "सगळी नावं घासून काढली काका, एक ठेवलं नाही. कशी हो असतात ही माणसं?"

भिंतीवर हात तसाच ठेवून दिगंबरराव म्हणाले,



"बापाने वळण लावलेलं नसतं, दुसरं काय."