घाट उतरण्याआधी

"बेल्ट राहू दे, चालतोय अजून," दिनकर मेस्त्री म्हणाला. त्याने गॅरेजवाल्या यासीनला ओळखलं नव्हतं.

डोळे अधू झाल्यापासून दिनकर स्वतः काम करत नव्हता; मुलाच्या जीपमध्ये बसवायचं जुनं इंजिन घेऊन तो मुलासोबत इथे आला होता. यासीनने त्याचा टायमिंग बेल्ट वाकवून पाहिला. भेगाच भेगा होत्या. तीन वर्षांपूर्वी याच दिनकरने असाच बेल्ट न बदलता यासीनच्या भावाच्या जीपमध्ये इंजिन बसवलं होतं. घाटात बेल्ट तुटला, इंजिन बंद पडलं, ब्रेक लागेना. जीप दरीत गेली. चौकशीत दिनकरने सांगितलं, "ड्रायव्हर प्यायला होता."

यासीनने आता नुसतं "बरं" म्हणायचा अवकाश होता. शब्द ओठांवर आलाही. पण मरणार होता मुलगा आणि बाप चार दिवस रडून मोकळा होणार होता.

यासीनने बेल्ट बदलला, ऑइल सील बदलले, इंजिन चढवलं. मग जुना बेल्ट मुलाच्या हातात दिला.

"असाच बेल्ट तुटून माझा भाऊ गेला. तो दारूला कधी शिवला नाही. तरी प्यायला होता म्हणून कुणी सांगितलं, तुझ्या बापाला विचार."

मुलाने विचारलं. दिनकर घाईने जीपकडे वळला; मुलाने त्याच्या बाजूचं दार लावून घेतलं.

जीप निघाली तेव्हा मुलगा एकटाच आत होता.