अर्ध्यावर ठेवलेली सिगार

पाच वाजून दहा मिनिटांनी मेजर करंदीकरांनी अर्धी सिगार व्हरांड्याच्या कठड्यावरच्या ॲशट्रेच्या खाचेत ठेवली, काठी उचलली आणि ते फाटकाबाहेर पडले.

रस्त्यापलीकडे लहानूच्या टपरीसमोर महेश गांगुर्डे चहा पीत होता. बसायला त्याने फुलांचं रिकामं क्रेट उलटं टाकलं होतं. बाजारात अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांच्या मळ्यातल्या प्रत्येक क्रेटवर पांढऱ्या रंगात वडिलांचं नाव रंगवलेलं असे. त्याने मोबाइलमध्ये वेळ पाहिली.

"निघालं आमचं घड्याळ," लहानू म्हणाला. "आता चाळीस मिनिटांनी येतील अन् तीच अर्धी परत पेटवतील."

"विझवत का नाहीत?"

"आपण बिडी चिरडतो तशी? नाय बा. सिगार आपली आपण मरू द्यायची. चिरडली की दुसऱ्यांदा कडू लागती म्हनं."

महेशला हे आधीच ठाऊक होतं; विचारलं ते नुसतं बोलणं चालू ठेवायला. त्याचे आण्णा, फकिरा, अजूनही बिडी अशीच दगडावर ठेवून मरू द्यायचे. परत पेटवताना आधी राख झटकायची, फुंकून आतला शिळा धूर काढायचा, मगच काडी ओढायची. मेजरांच्या घरी सहा वर्षं बाग सांभाळताना ते हेही शिकले होते.

मग मेजरांची चांदीची सिगारची डबी हरवली आणि आण्णांना काढून टाकलं. पोलिसांत कुणी गेलं नाही, पण अख्ख्या देवळाली कॅम्पात बभ्रा झाला. त्याला बारा वर्षं होऊन गेली. बांधावर भांडण झालं की अजून कुणीतरी 'डबीचोर' म्हणायचंच. दोन महिन्यांपूर्वी छायाची, महेशच्या बहिणीची, सोयरीक ठरता ठरता मोडली. कारण कुणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं. तेव्हापासून आण्णांनी मळ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

महेश कॅम्पातल्या दुकानांना झेंडू पोहोचवून इथे थांबू लागला, तो आपल्या बापाला हाकलणारा माणूस दिसतो कसा, एवढंच पाहायला. आणि दहा दिवसांपूर्वी व्हरांड्याच्या कठड्यावर, उन्हात, त्याला ती डबी दिसली.

आण्णा शपथेवर सांगायचे, डबीच्या एका कोपऱ्याला पोचा आहे. एकदा स्टेशनवर मेजरांचं सामान उचलताना त्यांच्याच हातून पडली होती. पोचा असला तर ती तीच डबी. मग ती चोरीला गेलीच नव्हती. एक फोटो काढला तरी पुरे होता.

"मेजर आधीपासून बाहेरच बसतात का रे?"

"छे! कायम आत. महिना झाला, भाईर बसत्यात. डॉक्टरनं हवा खायला सांगितली असंल." लहानूने कपबशी विसळली. "अन् ती वही पाहिली का? सारखं लिहित्यात. तोफखान्यातली खोड. एक गोळा टाकायचा, कुठं पडला ते लिहायचं, मग नेम थोडा सरकवायचा. आता काय, कबुतरं मोजत असतील."

महेश हसला.

"अन् तू रं? रोज हितंच. तुमच्याकडं दारणेकाठी चहा मिळत नाय का?"

"तुझ्याएवढा पांचट नाही मिळत."

"लय शहाणा. ऊठ मग."

"उठतोच. क्रेटकडे लक्ष ठेव."

त्याने सगळं नीट पाहून ठेवलं होतं. स्वयंपाकीण चार वाजता जायची. चार दिवसांपासून मागचं दार नुसतंच लोटलेलं असतं, हेही येताजाता रस्त्यावरून दिसलं होतं. म्हातारपण, विसरतात, त्याला वाटलं होतं. काल आणि परवा तो बोळापर्यंत जाऊन परत आला होता. बाप चोर नाही हे सिद्ध करायला आपण कुणाच्या घरात शिरायचं, हे काही त्याच्या मनाला पटत नव्हतं. आज सकाळी छाया पाहुण्यांसाठी घेतलेली साडी घडी घालून ठेवताना दिसली.

बोळातून वळून त्याने दार ढकललं तेव्हा पाच बावीस झाले होते.

स्वयंपाकघरात तो बराच वेळ नुसता उभा राहिला. घरात कसलीच चाहूल लागेना, तसा पुढच्या खोलीत आला. डबी टेबलावर होती. त्याने ती खिडकीच्या उजेडात फिरवली. डाव्या कोपऱ्याला, बिजागरीजवळ, अंगठा बसेल एवढा पोचा होता.

त्याने फोटो काढला. पोचा जवळून दिसावा म्हणून आणखी एक काढला. आण्णांना कसं सांगायचं, आधी आण्णांना की आधी छायाला, याचा विचार करतच त्याने डबी जागच्या जागी ठेवली.

तेव्हा त्याला वास आला.

डबीशेजारी ॲशट्रे होता. तो बाहेर कठड्यावर असायला हवा होता. त्यातली सिगार एव्हाना थंड होऊन पडायला हवी होती. तिची राख झटकलेली होती, टोक लाल होतं आणि धुराची सरळ रेघ वर चालली होती. ॲशट्रेपलीकडे वही उघडी होती. पेनाचं टोपण काढलेलं होतं.

महेशने वाचलं.

'२ जानेवारी. टपरीसमोर मुलगा. क्रेटवर नाव: फकिरा गांगुर्डे.

३ जानेवारी. व्हरांड्यात बसलो.

१० जानेवारी. रस्ता ओलांडून बोलायचं ठरवलं. फाटकापासून परत.

२० जानेवारी. डबी मांडीवर. त्याला दिसली नाही.

२१ जानेवारी. डबी कठड्यावर, उन्हात. दिसली.

२७ जानेवारी. मागच्या दाराची कडी काढली. आला नाही.

२९, ३० जानेवारी. बोळापर्यंत. परत गेला.'

शेवटच्या ओळीची शाई अजून ओली होती.

'३१ जानेवारी. ५.२२. आत आला. माफी मागायची आहे.'