गार लागतं तेवढंच

गाठीतल्या पेशी काढायची सुई ट्रेमध्ये तयार होती. काचपट्ट्या पुसून मांडल्या होत्या. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी बाईंच्या गळ्यावर उजवीकडे प्रोब टेकवला, आणि जे दिसायला हवं होतं ते पडद्यावर दिसेना.

श्वासनलिका दिसली. तिच्या शेजारची धडधडणारी रक्तवाहिनी दिसली. थायरॉइडचा एकसारखा राखाडी पट्टा दिसला. गाठ मात्र नव्हती.

डॉक्टरांनी प्रोब वर नेला, खाली आणला, आडवा धरला, उभा धरला. आठ दिवसांपूर्वी याच गळ्याचा रिपोर्ट त्यांनी लिहिला होता. चित्रं काढली होती ताईंनी, म्हणजे आत्ता ट्रेपाशी उभ्या असलेल्या, इथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञांनी. डॉक्टर पलीकडच्या खोलीत बसून चित्रांवरून गाठीला धोक्याचे गुण देत. डावीकडे एक गाठ, स्पंजासारखी, शून्य गुण, निरुपद्रवी. उजवीकडची वाईट होती. भरीव, काळपट, रुंदीपेक्षा उंच, कडा दातेरी, आत पांढरे बारीक ठिपके. लांबी चौदा मिलीमीटर. गुणांची बेरीज बारा. सात गुणांनाच धोक्याची सर्वांत वरची पायरी लागते. बारा गुणांच्या गाठीत कर्करोग निघाला नाही, असं त्यांच्या वीस वर्षांत क्वचितच झालं होतं.

त्यांनी प्रोब डावीकडे सरकवला. स्पंजासारखी गाठ जागच्या जागी होती. म्हणजे बाई त्याच. गळाही तोच.

"टोचलं का?" बाईंनी डोळे मिटूनच विचारलं. नवऱ्याचं एक बोट त्यांनी मुठीत आवळून धरलं होतं.

"अजून नाही."

"अगं, काही दुखत नाही," नवरा म्हणाला. "गार लागतं तेवढंच." तो प्लंबर होता. आल्यापासून त्याचं तोंड थांबलं नव्हतं. बाई पाळणाघर चालवायच्या. रिपोर्ट हातात पडल्यापासून त्यांनी अकरा मुलांच्या आयांना दुसरी सोय बघायला सांगितली होती, लेकीला कपाटाच्या चाव्या दाखवल्या होत्या आणि नवऱ्याला स्वयंपाक शिकवायला घेतला होता. त्याने तीन भांडी करपवली होती. हे सगळं त्यानेच डॉक्टरांना दारातून आत येता येता ऐकवलं होतं.

डॉक्टरांनी प्रोब उचलला. "उजव्या बाजूला गाठ नाही," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

बाईंनी डोळे उघडले.

"नाही म्हणजे?"

"नाही. डावीकडची आहे, तिच्यापासून धोका नाही. उजवीकडे काहीच नाही. रिपोर्ट चुकला."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याचं बोट सोडलं आणि छताकडे बघत राहिल्या. डॉक्टरांनी जुनी चित्रं पडद्यावर काढली. गाठ तिथे होती. काळी, दातेरी, ठिपक्यांची. ती काही त्यांनी मनाने रचली नव्हती. कोपऱ्यात बाईंचं नाव होतं. मग ही गाठ गेली कुठे?

नवऱ्याला मात्र आनंद आवरेना. "बघ, मी म्हणत नव्हतो? डॉक्टर, ही पक्की भित्री भागूबाई. त्या दिवशी तर यंत्र बघूनच उठून बसली, म्हणे घरी चला. शेवटी मीच ताईंना म्हटलं, आधी माझ्या गळ्यावर फिरवा, हिला दिसू दे. फिरवलंत की नाही, ताई? मेलो का मी?"

डॉक्टरांचा हात बटणावरच राहिला.

घाबरलेल्या पेशंटला धीर द्यायला आधी सोबत आलेल्याच्या गळ्यावर प्रोब फिरवून दाखवायचा, ही ताईंची जुनी युक्ती. सगळ्या विभागाला तिचं कौतुक होतं. पडद्यावर चित्र थांबवलं की लगेच साठवायचं बटण दाबायचं, ही त्यांच्या बोटांची तितकीच जुनी सवय. नाव बाईंचं आधीच घातलेलं. बाजू बदलली नाही तर यंत्र आपोआप 'उजवी' लिहितं.

डॉक्टरांनी चित्रांवरच्या वेळा पाहिल्या. पहिली दोन चित्रं दहा वाजून बारा मिनिटांची. मग चार मिनिटं काहीच नाही. बाकीची सगळी त्यानंतरची. दातेरी गाठ पहिल्या दोन चित्रांत होती. पुढे कुठेच नव्हती.

"ताई," त्यांनी हळू विचारलं, "बटण दाबलं होतं?"

ताईंची नजर प्लंबरच्या गळ्यावर गेली आणि तिथेच अडकली.

"मग आम्ही सुटलो ना?" तो बायकोच्या गळ्यावरची जेली पुसायला कापूस शोधत होता. "आज स्वयंपाक मीच करणार. करपला तर करपला."

"बाई, तुम्ही उतरा," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हाला सुईची गरज नाही." ताई यंत्रवत ट्रे उचलायला पुढे झाल्या. "तो राहू दे, ताई." मग डॉक्टर प्लंबरकडे वळल्या. "तुम्ही जरा झोपा. शर्टाचं वरचं बटण काढा."

"मी? पुन्हा? आता कुणाला दाखवायचंय?"

बाई आठ दिवसांत पहिल्यांदा हसल्या. त्यांनी स्वतःच त्याचं बटण काढलं, त्याला दंडाला धरून टेबलावर निजवलं, आणि आपलं बोट त्याच्या मुठीत दिलं.

"झोपा हो गुपचूप," त्या म्हणाल्या. "काही दुखत नाही. गार लागतं तेवढंच."