जगन्नाथरावांचा शालू

"मीच तो जगन्नाथ. आता पेपरात फोटो द्यायची गरज न्हाई," असं म्हणत आष्टीच्या पुंजारामानं सर्जेरावाच्या हातातला जुना फोटो काढून घेतला आणि सरळ कोपरीच्या खिशात घातला.

नाट्यगृह समितीचा अध्यक्ष सर्जेराव उडालाच! त्र्याऐंशी सालची गोष्ट. भोकरदनच्या नव्या नाट्यगृहाचं उद्घाटन चार दिवसांवर आलेलं. एके काळी ज्याच्या गाण्यासाठी गावंच्या गावं बैलगाड्या जुंपून निघायची, तो संगीत नाटकातला स्त्रीपार्टी नट जगन्नाथ सत्कारासाठी जिल्हाभर शोधून सापडत नव्हता. पंचवीस साली, ऐन बहरात, तो कंपनीतून नाहीसा झाला तो झालाच. आणि आज ऐंशी वर्षांचा म्हातारा आपल्या पायांनी सर्जेरावाच्या ओट्यावर येऊन बसला होता!

खरं सांगायचं तर पुंजाराम काही जगन्नाथ नव्हता. कंपनीत तो जगन्नाथला शालू नेसवायचा. नेसवताना खोलीत दोघंच, मालकालासुद्धा मज्जाव. नऊवारी शालू तो डोळे मिटून नेसवतो, म्हणून बाकीचे नट त्याला हसायचे. गाण्याचं म्हणाल, तर दम्यामुळं त्याला धड शीळही घालता येत नव्हती.

सर्जेरावानं त्याला घरीच ठेवून घेतलं. सर्जेरावाची आई गोजरबाई सत्त्याहत्तर वर्षांची, करारी. घरात गाणंबजावणं तिला खपायचं नाही, रेडिओ बातम्यांपुरता. नातवंडांना तिनं कधी अंगाईसुद्धा म्हटली नव्हती.

पुंजारामाला वाढताना तिच्या हातातली भाकरी तशीच थांबली.

"हा गडी गाणार? याची छाती तर भात्यावानी वाजून राह्यली."

"माय, लई मोठे कलावंत हायेत ते."

"दिसतंय की. बिलकुल दिसतंय."

पुंजारामानं खाली मानेनंच भाकरी मोडली.

उद्घाटनाला अंबड-जालन्याकडून एस्ट्या भरभरून आल्या. खिडक्यांतसुद्धा माणसं! नारळ झाला, शाल झाली. सर्जेरावानं हौसेनं हिरवागार शालूही पुंजारामाच्या ओंजळीत ठेवला, आणि लोकांनी एकच गिल्ला केला.

"बाबा, एक पद होऊन जाऊ द्या!"

पुंजारामानं घाम पुसला. "जगन्नाथ शालू नेसल्याबिगर सूर लावत न्हाई. अन् पडदा खालीच राहू द्या."

तो रंगपटाच्या खोलीत शिरला. पहिली घंटा झाली. दुसरी झाली. आतून नुसता खोकला ऐकू येत होता.

"बोगस माल हाय!" सर्जेरावाशी उभा दावा असलेला अप्पाराव मागून ओरडला. "म्हातारा गायला न्हाई तर सर्जेराव, तो शालू तुम्हालाच नेसवून गावातून फिरवू!"

सगळं नाट्यगृह हसलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून गोजरबाई काठी टेकत उठली आणि तडक रंगपटाकडं निघाली.

"माय, तू कशाला? तिकडं बस जरा."

"सरक, सर्ज्या. मीच बघते त्याच्याकडं."

आता मायच म्हाताऱ्याचं बिंग फोडणार, म्हणून सर्जेरावानं डोक्याला हात लावला.

गोजरबाईनं आत जाऊन कडी घातली. पुंजाराम शालू छातीशी धरून कोपऱ्यात उभा होता.

"किती दिवस खोटं बोलणार हायेस?"

"अठ्ठावन्न वर्षं झाली, बाई. आणखी थोडे दिवस बोलंन."

गोजरबाईनं काठी भिंतीला टेकवली.

पुंजारामानं शालूची घडी मोडली आणि डोळे घट्ट मिटले. निऱ्या बसल्या, कासोटा खोचला गेला, पदर खांद्यावर आला.

बाहेर तिसरी घंटा झाली. पेटीवाल्यानं सूर धरला.

पुंजारामानं डोळे उघडले. दोन पावलं मागं सरून नीट निरखून बघितलं, आणि गोजरबाईला म्हणाला,

"चला, जगन्नाथराव."