घरचंच खाल्लं

किशिनेवहून इटलीला निघालेल्या बसमध्ये इलारियॉनने वाटेतल्या कुठल्याही पदार्थाला हात लावला नाही. प्रवासात पोट बिघडू नये म्हणून बायकोने स्वतः घातलेलं अळंबीचं लोणचं बरणीभर दिलं होतं. तेच तो पावाबरोबर खात होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला एका ड्रायव्हरचे दोन दिसायला लागले.

शेजारी बसलेली सिल्विका नर्स होती. तिने त्याच्या मिटत चाललेल्या पापण्या पाहिल्या.

"दादा, काय खाल्लंत?"

"घरचंच. पोट तर ठणठणीत आहे माझं." त्याची जीभ जड झाली होती.

तिने बरणी हुंगली. वास चांगला होता; पण बंद बरणीत तयार होणाऱ्या या विषाला वास नसतो, हे तिला ठाऊक होतं. ती ओरडली, "गाडी दवाखान्याकडे घ्या! लोणच्याचं विष चढलंय यांना!"

इलारियॉनने कसाबसा घरी फोन लावला, पण त्याला बोलताच येईना. सिल्विकाने फोन हिसकावून घेतला.

"वहिनी, त्या लोणच्याची आणखी बरणी आहे का घरात?"

"आहे की. आत्ताच उघडली. का हो?"

मागून एका मुलीचा आवाज आला, "आई, मला अजून वाढ ना!"